वाट चुकवणारा खेळ

आज मी एका कॉम्प्युटर गेमबद्दल बोलणार आहे आणि सुरुवात त्याच्या दोषांपासूनच करणार आहे. दोष आधी सांगितले नाहीत, तर तुमच्यापैकी कुणीतरी तो गेम घेईल, पहिल्या अर्ध्या तासात एका साध्या खेकड्याच्या हातून मरेल आणि मला शिव्या घालेल.

खेळाचं नाव ‘मॉरोविंड’. पूर्ण नाव ‘द एल्डर स्क्रोल्स थ्री : मॉरोविंड’. अमेरिकेतल्या बेथेस्डा या कंपनीनं तो २००२ च्या मे महिन्यात बाजारात आणला. त्याच वर्षी फेब्रुवारीत आमच्या मीरा-भाईंदरची नगरपालिका जाऊन महानगरपालिका आली. दोन्ही घटनांचा एकमेकींशी काडीचा संबंध नाही, पण मला खेळाचं साल लक्षात राहतं ते त्यामुळे.

असे खेळ ज्यांनी पाहिलेले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. यात आपण एका काल्पनिक जगातलं एक पात्र घेतो. योद्धा व्हायचं, जादूगार व्हायचं की चोर, ते आपण ठरवायचं. जग मोकळं असतं. म्हणजे एक पातळी संपली की दुसरी, अशी सक्तीची चढण नाही. समोर डोंगर दिसतो ना, मग तिकडे चालत जाता येतं. वाटेत गुहा लागली तर आत शिरता येतं. कथेचा एक मोठा धागा असतो, पण तो आज धरायचा की महिन्याभरानं, हे कुणी सांगत नाही. मॉरोविंडमध्ये हे जग म्हणजे व्हार्डेनफेल नावाचं एक बेट आहे. मधोमध ज्वालामुखी, भोवती राखेची उजाड जमीन, कडेला दलदल आणि कोळ्यांची गावं, आणि झाडांएवढ्या मोठ्या भूछत्रांची रानं.

आता तो खेकडा. तुम्ही हातातला सुरा फिरवता. सुरा खेकड्याच्या पाठीतून आरपार गेलेला डोळ्यांना दिसतो. आणि खेकड्याला काहीही होत नाही! पुन्हा मारता, पुन्हा तेच. नवा माणूस इथेच वैतागून गेम बंद करतो. याचं कारण असं की, हे खेळ मुळात कागद आणि फाशांवरच्या खेळांतून आले. १९७४ साली अमेरिकेत ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ नावाचा तसा खेळ छापला गेला, तिथून ही परंपरा सुरू होते. वार लागला की नाही हे तिथे फासे ठरवतात. मॉरोविंडनं चित्र बदललं, पण फासे पडद्याआड तसेच ठेवले. सुरा चालवण्याचं तुमचं कसब, चपळाई, नशीब आणि दमणूक यांचा हिशेब करून कॉम्प्युटर दान टाकतो. तुम्ही धावत येऊन हल्ला केलात, तर दम संपलेला असतो आणि दमलेल्याचा वार चुकतो. हे तर्काला धरून आहे, पण खेळ ते नीट समजावून सांगत नाही.

बाकीचे दोष भराभर सांगून टाकतो. गावातली माणसं रात्रंदिवस एकाच जागी उभी असतात. झोप नाही, जेवण नाही. आवाज फार थोड्या संवादांना, बाकी सगळं वाचायचं. आणि दहा माणसांना एकच प्रश्न विचारला, तर दहाही जण शब्दन् शब्द एकच उत्तर देतात. शंभर पावलांपलीकडे सगळं धुक्यात. आकाशात ‘क्लिफ रेसर’ नावाचे पंखवाले प्राणी इतक्या चिकाटीनं पाठलाग करतात की, पुढे २००६ सालच्या ‘ऑब्लिव्हियन’ या याच मालिकेतल्या खेळात, ते सगळे एका संतानं हाकलून लावले, अशी दंतकथाच निर्मात्यांना घालावी लागली. बहुधा खेळाडूंच्या समाधानासाठी. एक्सबॉक्स या यंत्रावर मेमरी कमी पडू लागली, की गेम मधल्या थांब्याच्या चित्रामागे यंत्रच गुपचूप बंद करून पुन्हा सुरू करायचा, हे खेळाचे प्रमुख टॉड हॉवर्ड यांनी नंतर स्वतःच सांगितलं. आणि खेळातली आपली डायरी! पहिल्या आवृत्तीत सगळ्या कामांच्या नोंदी तारखेप्रमाणे एकाखाली एक. पंधरा दिवसांपूर्वी कुणी काय सांगितलं, हे शोधायचं तर पानं उलटत बसायचं. पुरवणी गेम आल्यावर ती कामांप्रमाणे लावता येऊ लागली.

इतकं सगळं असून, वीस-बावीस वर्षं होऊन गेली तरी हा खेळ माणसं सोडत नाहीत. मीही त्यातलाच. आता का, ते सांगतो.

माझा भाचा आताचे खेळ खेळतो. फार सफाईदार खेळतो. सुट्टीत आमच्याकडे जेसल पार्कला आला होता, तेव्हा मी त्याला मॉरोविंड लावून दिला. बोटीतून उतरला, एका कचेरीत नाव-गाव नोंदवलं, बाहेर आला आणि मला म्हणाला, “मामा, बाण कुठाय?”

बाण नाहीच. त्याला कळेना. आजच्या बहुतेक खेळांत काम मिळालं, की पडद्यावर खूण उमटते आणि त्या खुणेकडे चालत राहायचं असतं. याच मालिकेत ‘ऑब्लिव्हियन’पासून ही सोय आली आणि २०११ च्या ‘स्कायरिम’नं ती घरोघर पोचवली. मॉरोविंडमध्ये माणूस तुम्हाला तोंडी रस्ता सांगतो. गावाबाहेर पडा, किल्ला डाव्या-उजव्या हाताला ठेवून पुढे जा, जुना दगडी पूल ओलांडा, पलीकडे पडकं बांधकाम दिसेल. बस. डायरीत तेवढंच लिहिलं जातं. मग तुम्ही निघता. पाटी लागली तर वाचता. फाटा चुकता. कधी कधी तर सांगणाऱ्यानं सांगितलेली दिशाच चुकीची असते. हा सरळसरळ लिहिणाऱ्यांचा गोंधळ, पण खेळात तो अगदी माणसासारखा वाटतो! आपल्याकडे सह्याद्रीत भटकणाऱ्या कुणालाही विचारा. “ते काय, या टेपाडापलीकडे,” असं सांगितलेली वाडी दोन तासांनी येते.

सुरुवातीचंच एक काम घ्या. एका पडक्या प्राचीन वास्तूतून एक छोटी धातूची पेटी आणायची असते. पूल ओलांडून वास्तू सापडते, पण दार उघडत नाही. कारण दार उघडायची कळ दारावर नाहीच, जवळच्या एका नळावर आहे. आत गेल्यावर पेटी सापडत नाही, कारण ती खरोखरच वीतभर आहे आणि एका फळीवर भांडी-तुकड्यांत ठेवली आहे. ना चकाकते, ना आवाज करते. या पेटीपायी लोकांनी कित्येक संध्याकाळी घालवल्या आहेत. पण ज्यानं ती शोधली, त्याला त्या वास्तूचा प्रत्येक जिना पुढे अनेक वर्षं आठवतो. बाणाच्या मागे जाऊन आणलेली वस्तू मला तरी दुसऱ्या दिवशी आठवत नाही.

प्रवासाचंही तसंच. मनात आलं की नकाशावर बोट ठेवून पोचलो, असं इथे नाही. काही गावांत ‘सिल्ट स्ट्रायडर’ नावाचा घराएवढा उंच किडा उभा असतो, त्याच्या पाठीवर बसून ठरावीक गावांनाच जाता येतं. काही ठिकाणी होड्या. जादूगारांच्या संघात पैसे भरले, तर क्षणात दुसऱ्या शहरातल्या संघात. म्हणजे अमुक ठिकाणी जायचं तर किड्यानं इथवर, तिथून होडी, मग पायी. लोकलनं आयुष्य काढलेल्या माणसाला हे शिकवावं लागत नाही. स्लो की फास्ट, दादरला बदलायची की अंधेरीला, हे जसं अंगात मुरतं, तसं महिन्याभरात ते बेट मुरतं.

पण मला जी गोष्ट सर्वांत जवळची वाटते ती वेगळीच आहे. या बेटावर तुम्ही परके असता. तुरुंगातून सुटून बोटीनं आणून सोडलेला बाहेरचा माणूस. आणि तिथले मूळचे काळसर कातडीचे, लाल डोळ्यांचे रहिवासी तुम्हाला पावलोपावली ते ऐकवतात. “बाहेरचा” हाच तुमचा उल्लेख. दुकानदार तुसडेपणानं बोलतो. वाटेवरचा माणूस नीट उत्तर देत नाही. इतर खेळांत तुम्ही पाऊल ठेवलं, की सगळं जग जणू तुमचीच वाट पाहत असतं. इथे कुणालाही तुमची गरज नाही. ज्याच्याकडे निरोप घेऊन जायचं, तो गृहस्थ एका खोलीत उघड्या अंगानं बसलेला असतो. तो कागद वाचतो आणि म्हणतो काय, तर तू अजून कच्चा आहेस; कुठल्यातरी संघात भरती हो, चार पैसे कमव, माणसं ओळख आणि मग परत ये. म्हणजे कथेचा सूत्रधारच तुम्हाला कथा सोडून भटकायला पाठवतो.

आमचं कुटुंब १९९० च्या सुमारास लालबागहून जेसल पार्कात आलं. त्या वर्षांत मुंबईच्या चाळींतून किती घरं भाईंदर, नालासोपारा, विरारकडे सरकली, हे ऐकणाऱ्यांपैकी अनेकांना माहीत आहे, कारण तेही तसेच आले. वडील नुकतेच निवृत्त झाले होते. लालबागमध्ये त्यांना मिठाच्या पुडीपासून मयताच्या सामानापर्यंत सगळं कुठे मिळतं, ते ठाऊक होतं. इथे काहीच ठाऊक नव्हतं. पहिले दोन महिने ते खिडकीशी बसून होते. आई घाबरली होती. मग एके दिवशी त्यांनी चपला घातल्या आणि नुसतेच चालायला लागले. कामाशिवाय. विचारत विचारत. “असंच सरळ जा, खाडी लागली की थांब,” असं कुणी सांगे. हे जात, आणि समोर मिठागर लागे. मग मिठागरावर उभे राहून तिथल्या कामगारांशी बोलत. पाणी आत कधी घेतात, खडा कधी धरतो. नवघर, खारीगाव, गोडदेव ही आजच्या इमारतींच्या गर्दीतली मूळ गावं आहेत, त्यांच्या वेशी कुठे होत्या हे त्यांनी शोधून काढलं. भरती-ओहोटीच्या वेळा त्यांना तोंडपाठ झाल्या. खाडीच्या मधलं पाणजू बेट, त्याच्यावरून जाणारे रेल्वेचे पूल, पलीकडे वसई, जिचा किल्ला चिमाजीअप्पांनी १७३९ साली घेतला. हा सगळा भूगोल त्यांनी पायांनी गोळा केला. वर्षभरानं स्टेशनवरून येताना त्यांना चार माणसं नावानं हाक मारायला लागली. ती हाक ऐकली त्या दिवशी आईचा जीव भांड्यात पडला.

वडिलांनी कॉम्प्युटरला कधी हात लावला नाही. पण मी मॉरोविंडमध्ये राखेच्या वाऱ्यात वाट शोधत असतो, तेव्हा ते काय करत होते हे मला कळतं. परक्या जागेतलं परकेपण जायला दुसरा रस्ता नाही. तिथे हरवावं लागतं, विचारावं लागतं आणि विचारण्याची रीत शिकावी लागते.

आणि खेळ ही रीत खरोखर शिकवतो. बेटाच्या उत्तरेला राखेच्या माळावर तंबू टाकून राहणाऱ्या टोळ्या आहेत. त्यांच्याशी बोलायचं तर आधी त्यांच्या चालीरीती समजून घ्याव्या लागतात. त्या सांगणारा एक व्यापारी दुसऱ्या गावात आहे. तो टोळी सोडून आलेला आहे. पण त्याच्याकडे नुसतं जाऊन विचारायचं नाही. आधी भेट द्यायची. कसली भेट? गावात चौकशी करा. मग कळतं की, याला कविता आवडतात. तुम्ही पुस्तकांच्या दुकानात जाता, कवितांचं एक पुस्तक घेता, त्याला देता आणि मग त्याचं तोंड उघडतं. तलवारीचा इथे काही उपयोग नाही. अशा खेळात एका नायकाला कवितासंग्रह विकत घ्यायला लावणारा लेखक मला तरी फार आवडतो.

खेळात पुस्तकं भरपूर आहेत, आणि ती उघडून वाचता येतात. त्यांतली मौज अशी की, ती एकमेकींशी भांडतात. फार पूर्वी नेरेवार नावाचा एक सेनापती मारला गेला. कसा? मंदिराचे पुजारी एक सांगतात, टोळीवाले दुसरं, आणि ज्या तिघांना आज देव मानतात, त्यांच्यावरच काही जण खुनाचा आळ घेतात. ज्वालामुखीच्या पोटात बसलेला डागोथ उर, म्हणजे या कथेतला खलनायक, त्याचीही एक बाजू आहे. खेळ शेवटपर्यंत निकाल देत नाही. कोणावर विश्वास ठेवायचा, ते तुम्ही ठरवा. बखरी आणि त्यांवरचे वाद वाचत वाढलेल्या मराठी माणसाला यात लगेच घरच्यासारखं वाटतं. गंमत म्हणजे, आपण ज्या भविष्यवाणीतला वीर आहोत असं सगळे म्हणू लागतात, तो आपण खरंच आहोत का, की साम्राज्यानं सोयीसाठी पुढे केलेला एक माणूस आहोत, याचंही ठाम उत्तर मिळत नाही.

स्वातंत्र्य म्हणाल तर ते जरा अतिच आहे. कथेसाठी आवश्यक असलेल्या माणसालाही तुम्ही मारू शकता. मारल्यावर पडद्यावर सूचना येते की, आता भविष्यवाणीचा धागा तुटला; जुन्या नोंदीवर परत जा, नाहीतर तुम्हीच घडवलेल्या या बुडत्या जगात राहा. आणि राहता येतं! आजकालच्या खेळांत अशी माणसं अमर करून ठेवलेली असतात, म्हणजे खेळाडूच्या हातून काही बिघडायलाच नको. मला बिघडू देणारा खेळ जास्त सभ्य वाटतो.

आपल्याकडे असं काही का होत नाही, असा प्रश्न मला नेहमी विचारतात. होतं, पण वेगळ्या चालीनं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सनं २०२० साली ‘राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक’ हा गेम आणला. त्याआधी २०१७ मध्ये लोकवर्गणीचा त्यांचा प्रयत्न फसला होता, तरी मंडळी थांबली नाहीत. राक्षसांनी पळवलेल्या भावाला शोधायला निघालेली एक मुलगी, राजस्थानी वाड्यांसारखे महाल, छायाबाहुल्यांतून सांगितलेली गोष्ट, दुर्गा आणि विष्णू यांचं निवेदन. बघताना डोळे निवतात. दोष त्यातही आहेत. लढाई कधी कधी अडखळते आणि शेवट अर्ध्यावर तोडल्यासारखा येतो. पण त्याची वाट एकच, आखून दिलेली. तो भटकायचा खेळ नाहीच, आणि तसा त्याचा दावाही नाही. मोकळं जग उभं करायला माणसं आणि पैसा दोन्ही फार लागतात. मला मात्र असा एक मराठी मुलखाचा खेळ हवा आहे, ज्यात कुणी म्हातारी मला आंब्याच्या झाडापासून डावीकडे वळ म्हणून सांगेल आणि तिथे आंब्याची तीन झाडं असतील.

मॉरोविंड टिकला त्याचं आणखी एक व्यावहारिक कारण आहे. पीसीवरच्या गेमबरोबर बेथेस्डानं ज्या साधनानं जग बनवलं, ते साधनही खेळाडूंना देऊन टाकलं. लोकांनी त्यावर काय काय केलं! कुणी धुकं हटवलं, कुणी खेकड्याचा प्रश्न सोडवला. ‘टॅम्रिएल रिबिल्ट’ नावाचा एक गट तर बेटाच्या बाहेरचा, मूळ खेळात नसलेला मुलूख वीस वर्षांहून अधिक काळ फुकट, फावल्या वेळात उभा करतो आहे आणि टप्प्याटप्प्यानं देतो आहे. ‘ओपन एमडब्ल्यू’ या नावानं खेळाचं यंत्रच काहींनी नव्यानं लिहिलं, त्यामुळे तो आजच्या कॉम्प्युटरवरही विनातक्रार चालतो. निर्दोष खेळाला अशी माणसं मिळाली असती का, मला शंका आहे. जिथे डागडुजीला जागा आहे तिथेच माणूस हात घालतो.

तर, कुणाला खेळून पाहायचाच असेल, त्याच्यासाठी दोन-चार गोष्टी. जे हत्यार आपल्या पात्राच्या मुख्य कौशल्यात आहे, तेच वापरा. सुरुवातीचे निम्मे वार यानेच वाचतात. लढाईआधी धावू नका, चालत जा. शेजारी खरी वही आणि पेन ठेवा. आणि पहिल्या गावातून बालमोरा शहराकडे निघताना किड्याच्या पाठीवर बसू नका, पैसे असले तरी. पायी जा. थोडं पुढे गेलात की वरून किंकाळी ऐकू येईल आणि एक जादूगार आकाशातून तुमच्यासमोर आदळून मरेल. त्याच्या अंगावर तीन मंत्रपत्रं आणि एक छोटी डायरी असते. एक मंत्रपत्र वाचलं, की एका उडीत डोंगर ओलांडता येतो. उतरायचं कसं, हे त्या बिचाऱ्यानं शोधून काढलेलं नव्हतं. दुसरं पत्र जमिनीवर टेकण्याआधी वाचायचं, एवढं मी सांगून ठेवतो.